‘स्टेटस’ गेलेल्या मुलांचं कॉलेज: अमेरिकेतल्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. रविवारची मराठी शाळा सुटली की खुर्च्या आवरता आवरता एखादी आई मागे रेंगाळते. बाकीचे लोक पार्किंगकडे निघेपर्यंत थांबते आणि मग हळूच म्हणते, “ताई, एका मैत्रिणीच्या मुलासाठी विचारायचं होतं.” मी मैत्रिणीचं नाव विचारत नाही. आम्ही तिथेच दोन खुर्च्या परत उघडतो आणि बसतो.

गेली काही वर्षं मी शाळकरी मुलांना कॉलेजचे फॉर्म भरायला मदत करते. मी वकील नाही. पण पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात आणि प्रत्येक घराला वाटतं की ही वेळ आपल्यावरच आली आहे. म्हणून ते प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवते आहे. खालची माहिती २०२५ सालाच्या अखेरची आहे. या विषयातले नियम न्यायालयं आणि विधानसभा भराभर बदलत आहेत, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या त्या कॉलेजकडून खात्री करून घ्या.

कागदपत्रं नसलेला विद्यार्थी म्हणजे नेमका कोण? आपल्या लोकांत असं असतं का?

असतं. सीमा ओलांडून आलेली मुलंच फक्त यात येतात, हा गैरसमज आहे. रीतसर व्हिसावर विमानाने आलेला आणि नंतर मुदत संपूनही राहिलेला माणूसही याच गटात मोडतो. आपल्याकडे बहुतेक वेळा असंच घडतं. वडिलांची एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी जाते. दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कोणी बी-२ या पर्यटक व्हिसासाठी अर्ज टाकतो, कोणी एखाद्या एजंटच्या भरवशावर राहतो, अर्ज नाकारला जातो. तोवर मुलगा नववीत गेलेला असतो, घराचं भाडं चालू असतं, आजीच्या औषधांसाठी गावी पैसे जात असतात. कुटुंब थांबतं. आपण त्याला ‘स्टेटस गेलं’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत ते मूल आता कागदपत्रांविना आहे. या निर्णयात त्या मुलाला कोणी काही विचारलेलं नसतं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांची संख्या चार ते पाच लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे.

शाळेत इतकी वर्षं कोणी काही विचारलं नाही. मग बारावीनंतरच अडचण का?

कारण शाळेला एका निकालाचं संरक्षण आहे आणि कॉलेजला ते नाही. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना पैसे देणं बंद केलं. टायलर नावाच्या गावातल्या शाळांनी मग त्यांच्याकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागायला सुरुवात केली. चार कुटुंबं कोर्टात गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८२ रोजी ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की राज्याला या मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना देणं न्यायाचं नाही, हा त्यामागचा एक मुख्य विचार होता.

तुमच्या मुलाला पहिलीत प्रवेश देताना शाळेने फक्त घराचा पत्ता आणि लसीकरणाचा दाखला मागितला, तो या निकालामुळे. पण त्याचं छत्र बारावीपर्यंतच.

मग कॉलेजात प्रवेश घेणं बेकायदा आहे का?

नाही. कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजात प्रवेश देऊ नये, असा केंद्राचा कोणताही कायदा नाही. काही राज्यांनी स्वतःच्या सरकारी कॉलेजांपुरती बंदी घातली आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण ‘आपल्या मुलाला कॉलेज नाहीच’ असं मनाशी धरून त्याला अकरावीतच कामाला लावणारी घरं मी पाहिली आहेत. त्या मुलांचं जे नुकसान झालं ते कायद्याने केलं नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणून झालं.

खरी अडचण पैशांची आहे.

‘इन-स्टेट’ फी म्हणजे काय, आणि ती आम्हाला मिळेल का?

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांचं गणित याच एका गोष्टीवर ठरतं.

प्रत्येक राज्याची सरकारी विद्यापीठं आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना कमी फी लावतात आणि बाहेरच्यांना भरमसाट. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर आणखी ३० हजार डॉलरांहून जास्त रक्कम दरवर्षी भरावी लागते. चार वर्षांचा हिशेब केला तर तेवढ्यात पुण्यात फ्लॅट येईल.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला. त्यातल्या ५०५ व्या कलमाचा अर्थ असा: कागदपत्रं नसलेल्या माणसाला केवळ ‘तो या राज्यात राहतो’ म्हणून उच्च शिक्षणात सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत राज्याबाहेरच्या अमेरिकन नागरिकालाही द्यावी लागेल. इतकी बाहेरची मुलं स्वस्तात घेणं कोणत्या राज्याला परवडणार?

राज्यांनी त्यातून एक मार्ग काढला. सवलत ‘राहण्या’वर न ठेवता ‘शिकण्या’वर ठेवली. म्हणजे ज्याने आमच्या राज्यात अमुक वर्षं हायस्कूल केलं आणि तिथूनच उत्तीर्ण झाला, त्याला स्थानिक फी. समजा, एका नागरिक मुलीने न्यू जर्सीत हायस्कूल केलं आणि नंतर तिचे आईवडील पेनसिल्व्हेनियात राहायला गेले. ती आता न्यू जर्सीची रहिवासी नाही, तरी या नियमाने तिलाही सवलत मिळते. नियम सगळ्यांना सारखा लागतो, त्यामुळे ५०५ व्या कलमाचा भंग होत नाही, असा हा युक्तिवाद आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो मान्य केला.

न्यू जर्सीचा कायदा डिसेंबर २०१३ चा आहे. राज्यात किमान तीन वर्षं हायस्कूल, तिथूनच पदवी किंवा तिच्या तोडीचा दाखला, आणि एक प्रतिज्ञापत्र की ‘स्टेटस मिळवण्याचा मार्ग खुला होताच मी अर्ज करीन’. तीन वर्षं, हे लक्षात ठेवा. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल आणि मूल दहावीत असेल, तर आधी ही वर्षं मोजा. घर बदलल्यामुळे वर्षभराने हुकलेली मुलगी माझ्या ओळखीत आहे. त्यानंतर तिच्यासाठी काहीच करता आलं नाही.

कोणत्या राज्यात काय परिस्थिती आहे?

विसाहून जास्त राज्यांत काही ना काही स्वरूपात स्थानिक फीची सोय आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मेरीलँड ही आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेली राज्यं त्यात येतात. कॅलिफोर्नियातला नियम ‘एबी ५४०’ या नावाने ओळखला जातो आणि तो २००१ चा आहे. २०१७ मध्ये तो रुंदावला, त्यामुळे आता कम्युनिटी कॉलेज आणि प्रौढ शाळेतली वर्षंही धरता येतात.

टेक्सासबद्दल लिहिताना वाईट वाटतं. अशी सवलत देणारं देशातलं पहिलं राज्य तेच होतं, २००१ मध्ये, आणि तो कायदा रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांच्या सहीने झाला होता. ४ जून २०२५ रोजी केंद्राच्या न्याय खात्याने टेक्सासवर दावा लावला. राज्याने त्याच दिवशी माघार घेतली आणि न्यायाधीशांनी काही तासांत कायदा रद्द ठरवला. चोवीस वर्षांचा नियम एका दुपारी संपला. कॉलेजच्या मधल्या वर्षात असलेल्या मुलांची फी त्यामुळे एकदम चढली. ह्यूस्टन-डॅलसकडच्या घरांनी आपल्या कॉलेजशी लेखी बोलून आपला वर्ग नेमका कोणता धरला आहे ते विचारावं. ज्यांच्याकडे काही ना काही कायदेशीर स्टेटस आहे, त्यांनी तर विचारायलाच हवं.

फ्लोरिडाने २०१४ मध्ये दिलेली सवलत १ जुलै २०२५ पासून काढून घेतली. केंद्राने इतर राज्यांवरही खटले भरायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ज्या राज्यांत आज सोय आहे तिथेही बातम्यांवर लक्ष असू द्या.

जॉर्जियात नियम कडक आहे. विद्यापीठ मंडळाच्या २०१० च्या धोरणाने जॉर्जिया टेक आणि युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया यांसारख्या, जागांपेक्षा अर्ज जास्त येणाऱ्या सरकारी संस्थांची दारं या मुलांना बंद केली. त्याला उत्तर म्हणून काही प्राध्यापकांनी २०११ मध्ये अथेन्स गावात ‘फ्रीडम युनिव्हर्सिटी’ सुरू केली आणि या मुलांना फुकट शिकवायला लागले. साउथ कॅरोलायना आणि अलाबामानेही सरकारी कॉलेजांत बंधनं घातली आहेत. उलट ॲरिझोनाने २००६ मध्ये मतदानाने काढून घेतलेली सवलत २०२२ मध्ये मतदानानेच परत दिली. दिलेलं जातं तसं गेलेलं परतही येतं, म्हणून धीर सोडू नका.

‘डाका’साठी अर्ज केला तर?

रोज कोणीतरी विचारतं, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा पडतो. लहानपणी अमेरिकेत आलेल्या, स्टेटस नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी डाका योजना १५ जून २०१२ ला जाहीर झाली, प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी. तिची एक अट अशी की अर्जदार १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असला पाहिजे. आज बारावीत बसलेली मुलं २००८ च्या आसपास जन्मलेली. अट पूर्ण होणं शक्यच नाही. शिवाय २०२१ पासून कोर्टाच्या आदेशामुळे नवे अर्ज मंजूर होत नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून डाका आहे त्यांचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, त्यांनी ते वेळेत करावं.

एजंट ‘डाका करून देतो’ म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

आमची मुलगी एच-४ वर आहे, सगळं कायदेशीर आहे. तिला हा प्रश्न येणार नाही ना?

येऊ शकतो. आणि मराठी घरांत मला सगळ्यात जास्त दिसणारा प्रश्न हाच आहे.

एच-४ हे आईवडिलांच्या एच-१बी ला लटकलेलं स्टेटस. मूल २१ वर्षांचं झालं की ते संपतं. ग्रीन कार्डचा अर्ज दहा वर्षांपूर्वी केलेला असला तरी भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की मूल आधी मोठं होतं. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातून सात टक्क्यांहून जास्त कार्डं मिळत नाहीत, त्याचा हा परिणाम. दोन वर्षांची असताना आलेली, मराठी शाळेत ‘सांग सांग भोलानाथ’ म्हणणारी मुलगी एका वाढदिवसाला रांगेतून बाहेर पडते. अशी दोन लाखांहून अधिक मुलं आहेत. त्यांना ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’ म्हणतात. डाकाचा उपयोग त्यांना कधीच झाला नाही, कारण डाकासाठी २०१२ च्या त्या दिवशी कायदेशीर स्टेटस नसणं ही अट होती! त्यांच्यासाठीचं विधेयक २०२१ पासून संसदेत मांडलं जातं, पण अजून मंजूर झालेलं नाही.

ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय मोजताना काही दिवस वजा करून देणारा २००२ चा एक कायदा आहे. पण ऑगस्ट २०२५ पासून इमिग्रेशन खात्याने ती मोजणी पुन्हा जास्त कडक पद्धतीने करायला सुरुवात केली. तुमच्या मुलीचं ‘कायद्याचं वय’ किती, हे ती एकोणीस वर्षांची असतानाच वकिलाकडून लिहून घ्या.

बहुतेक मुलं २१ च्या आधी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जातात. तो अर्ज महिनोन् महिने चालतो, म्हणून विसाव्या वाढदिवसालाच कामाला लागा. एच-४ वर असताना अनेक राज्यांत रहिवासी म्हणून स्थानिक फी मिळते, पण एफ-१ झाल्यावर कॉलेज तिला परदेशी विद्यार्थिनी धरू शकतं. तीच मुलगी, तोच वर्ग, तेच घर, आणि पुढच्या सेमिस्टरचं बिल दुप्पट. शिवाय न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या ‘इथे शिकलास तर सवलत’ या कायद्यांतून बहुतेक व्हिसाधारकांना वगळलं आहे. व्हिसा बदलण्याआधी कॉलेजच्या रजिस्ट्रारला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

एफ-१ वर गेल्यावर पूर्णवेळ अभ्यासक्रम सोडू नका. पदवीच्या वर्गाला सहसा १२ क्रेडिट लागतात. पैसे कमी पडले म्हणून एक विषय काढला आणि स्टेटस गेलं, असं होतं. तसं झालंच तर पाच महिन्यांच्या आत ते परत मिळवण्याचा अर्ज करता येतो.

पैशांची मदत कुठून मिळेल?

केंद्राची मदत, म्हणजे ‘फाफ्सा’ फॉर्मवरून मिळणारी अनुदानं आणि कर्जं, या मुलांना मिळत नाही. एच-४ वाल्यांनाही नाही. तेव्हा तो फॉर्म भरू नका, मग शाळेतल्या समुपदेशकाने सगळ्या वर्गाला भरायला लावला तरी. समुपदेशक वाईट नसतात, त्यांना तुमच्या घरची गोष्ट माहीत नसते एवढंच.

काही राज्यांचा स्वतःचा वेगळा फॉर्म असतो. न्यू जर्सीने मे २०१८ मध्ये राज्याची मदत या विद्यार्थ्यांना खुली केली. त्यासाठी फाफ्साऐवजी राज्याचा पर्यायी अर्ज ‘हेसा’ या संस्थेकडे करायचा. कॅलिफोर्नियात ‘ड्रीम ॲक्ट अर्ज’ असतो, त्याची मुख्य मुदत साधारण २ मार्चला संपते. न्यूयॉर्कचा कायदा २०१९ चा, होझे पेराल्टा या दिवंगत राज्य सिनेटरांच्या नावाचा.

कम्युनिटी कॉलेजला नावं ठेवू नका. आपल्या लोकांत त्याला फार कमी लेखतात. “शेजारच्यांचा रटगर्सला आणि आमचा काउंटी कॉलेजला?” हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे. एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज असो की जर्सी सिटीतलं हडसन काउंटी, दोन वर्षं तिथे करून सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्याने ती क्रेडिट्स चालवून घेणं सरकारी विद्यापीठांना बंधनकारक केलं आहे. कमी उत्पन्नाच्या घरांना राज्याच्या अनुदानातून काउंटी कॉलेजची फी माफही होते. शेवटी पदवीच्या कागदावर विद्यापीठाचंच नाव येतं.

खासगी विद्यापीठांत प्रत्येकाचं धोरण वेगळं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲम्हर्स्ट ही नागरिकत्व न पाहता प्रवेश देतात आणि गरज असेल तेवढी सगळी मदत करतात. तिथला प्रवेश अर्थात फार अवघड. बाकीची बरीच खासगी कॉलेजं या मुलांना परदेशी म्हणून मोजतात आणि मदतीचा हात आखडता घेतात, पण सगळी नाही. प्रत्येकाच्या प्रवेश कार्यालयाला विचारावं लागतं. नाव न सांगता फोन करता येतो.

खास या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्याही आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘द ड्रीम डॉट यूएस’ ही त्यातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक. ‘इमिग्रंट्स रायझिंग’ आणि ‘माल्डेफ’ या संस्था नागरिकत्वाची अट नसलेल्या शिष्यवृत्त्यांच्या याद्या ठेवतात. अमेरिकेत कधी आलात याच्या तारखेची अट असते, ती नीट वाचा.

धाकटी इथे जन्मली, ती नागरिक आहे. तिने फाफ्सा भरावा का?

तिला मदतीचा पूर्ण हक्क आहे. आईवडिलांचं स्टेटस काहीही असलं तरी तिचा हक्क जात नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांनाही आता ऑनलाइन खातं उघडता येतं. तिथे खोटा नंबर टाकू नका आणि आयटिन, म्हणजे कर भरण्यासाठीचा नंबरही त्या चौकटीत भरू नका.

पण एक गोष्ट उघड सांगायला हवी. हा फॉर्म केंद्र सरकारकडे जातो आणि त्यावर पालकांची नावं, पत्ता येतो. त्या माहितीचा उपयोग कशासाठी करता येतो यावर कायद्याची बंधनं आहेत, तरी आजच्या वातावरणात घराला भीती वाटणं स्वाभाविक आहे. भरा किंवा भरू नका, असं मी सांगू शकत नाही. वकिलाशी बोलून ते घराने ठरवायचं आहे.

फॉर्मवर ‘अमेरिकन नागरिक’ अशी खूण केली तर कोण तपासतं?

कृपा करून करू नका. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. मुदत ओलांडून राहणं ही चूक कधीतरी माफ होऊ शकते, पुढे लग्नातून किंवा नव्या कायद्यातून मार्ग निघू शकतो. पण नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याचं सिद्ध झालं तर ग्रीन कार्डचा रस्ता जवळजवळ कायमचा बंद होतो. नोकरीच्या आय-९ फॉर्मवरची खूणही यात धरली जाते. सतरा वर्षांचं मूल घाईत, लाजेपोटी, मित्र शेजारी बसलेला असताना ती खूण करतं. म्हणून फॉर्म भरताना शेजारी बसा.

कॉमन ॲपसारख्या प्रवेश अर्जांत या मुलांसाठी योग्य पर्याय असतो. सोशल सिक्युरिटी नंबरची चौकट रिकामी ठेवता येते, अर्ज पुढे जातो.

निबंधात ही गोष्ट लिहावी का?

लिहायलाच हवी असं नाही. मुलाला लिहावीशी वाटत असेल तरच. एका मुलाने आपल्या निबंधात स्टेटसचा शब्दही काढला नाही. वडील पहाटे चार वाजता कामाला निघताना डबा भरतात आणि झाकण लावताना आवाज होऊ नये म्हणून ते स्वयंपाकघरातल्या टॉवेलखाली धरून दाबतात, एवढंच त्याने दोन पानं लिहिलं होतं. वाचताना मला थांबावं लागलं. त्याला प्रवेश मिळाला.

कॉलेज आमची माहिती इमिग्रेशनला देईल का?

१९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या नोंदी त्याच्या परवानगीशिवाय सहसा बाहेर देता येत नाहीत. कोर्टाचा आदेश किंवा समन्स आलं तर गोष्ट वेगळी. एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांची माहिती मात्र सेव्हिस या सरकारी यंत्रणेत नियमानेच जाते. कागदपत्रं नसलेला विद्यार्थी त्या यंत्रणेत नसतो.

शाळा-कॉलेजांच्या आवारात शक्यतो कारवाई करू नये, असं जुनं धोरण होतं. ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. तरीही वसतिगृहाच्या खोलीसारख्या खासगी जागेत शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. मुलाला हे माहीत असू द्या, आणि घरच्या दोन माणसांचा व वकिलाचा फोन नंबर पाठ असू द्या. फोनमध्ये नाही, पाठ.

नातेवाईक म्हणतात, मुलाला भारतात पाठवा. तेच बरं नाही का?

काही मुलांसाठी तो खरंच चांगला रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही. अमेरिकन हायस्कूलच्या दाखल्याला भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षता मिळते. एनआयटीसारख्या संस्थांत परदेशात शिकलेल्या मुलांसाठीच्या ‘दासा’ योजनेतून जागा असतात. खासगी महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय कोट्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या इनामदार खटल्यात, जो महाराष्ट्राचाच होता, मान्यता दिली. राज्याच्या सीईटीच्या जागांसाठी मात्र सहसा महाराष्ट्रातली दहावी-बारावी आणि अधिवास पाहतात.

पण तारीख बघून ठरवा. मुदत संपल्यानंतरचे दिवस वयाच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत मोजले जात नाहीत. त्यानंतर मोजणी सुरू होते. १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. एका आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मुलाच्या वाढदिवसापासून दिवस मोजून एका तारखेभोवती लाल गोल काढला होता. खाली शब्द एकच, ‘ठरवा’. घरात दुसरं कोणी त्या गोलाबद्दल बोलत नव्हतं.

आणि मुलाला विचारा. चार वर्षांचा असताना आलेल्या मुलासाठी नाशिक हे आजीच्या फोनमधलं गाव आहे. तिथे जाणं त्याच्या दृष्टीने परतणं नसून परदेशी जाणं आहे.

पदवी मिळाली तरी नोकरी करता येणार नाही. मग शिकून उपयोग काय?

कामाचा परवाना नसेल तर कंपनी नोकरीवर घेऊ शकत नाही, हे खरं. आयटिन नंबर कर भरण्यासाठी असतो, त्याने कामाचा हक्क मिळत नाही. एप्रिल २०२५ मध्ये करखातं आणि इमिग्रेशन यांच्यात माहिती देण्याचा करार झाला आणि तो कोर्टात गेला, म्हणून नवा आयटिन काढण्याआधीही सल्ला घ्या.

तरी शिकावं, असं मी ठामपणे म्हणते. पुढे लग्न, आश्रय, नोकरीतला प्रायोजक, एखादा नवा कायदा, यांतलं काही आलं तर पदवी हातात असलेला माणूस पुढे जातो. न्यू जर्सीने २०२० मध्ये कायदा करून परिचारिका, हिशेबनीस अशा व्यवसायांचे परवाने स्टेटस न पाहता द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात सर्जियो गार्सिया यांना २०१४ मध्ये स्टेटस नसतानाही वकिलीची सनद मिळाली. आणि पदवी घेऊन दुसऱ्या देशात जाता येतं. कॅनडात किंवा भारतात ती पदवी तेवढीच चालते.

चांगला वकील कसा ओळखायचा? मंडळातले एक काका ‘सगळं करून देतात’.

काकांना फॉर्म भरायला देऊ नका. इमिग्रेशनचा सल्ला परवानाधारक वकिलाने किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. मान्यतेचा पुरावा मागायला लाजू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं स्वतःचं मोफत इमिग्रेशन विधी केंद्र आहे, न्यूयॉर्क शहराच्या क्युनी या सरकारी विद्यापीठात ‘सिटिझनशिप नाऊ’ हे तसंच केंद्र आहे. अनेक कॉलेजांत ‘ड्रीमर’ म्हणजे अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र असतं. प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात तिथे जा.

मुलाला हे कधी सांगावं?

नववीत. फार तर दहावीत. पुष्कळ मुलांना वाहन परवान्याच्या वेळी कळतं, तेही वर्गातले सगळे मित्र तयारी करत असताना. लपवल्याचा राग स्टेटस नसल्याच्या दुःखापेक्षा जास्त काळ टिकतो, असं मी पाहिलं आहे. सांगताना दोघांनी मिळून सांगा. ‘बाहेर बोलायचं नाही’ एवढंच सांगून थांबू नका. कोणाशी बोलता येईल, त्याही एका माणसाचं नाव त्याला द्या.

तुम्हाला भेटायला येताना काय घेऊन यावं?

मुलाचा पासपोर्ट, संपलेला असला तरी. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतच चालतो, त्यामुळे तो बहुतेकदा ऐन अर्जाच्या वर्षी संपतो. नूतनीकरण आधी सुरू करा. आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरतानाची नोंद, तिची छापील प्रत. इमिग्रेशनकडून आलेलं प्रत्येक पत्र, नकाराचं सुद्धा. शाळेचे गुणपत्रक, आणि नववीपासून कोणत्या वर्षी कोणती शाळा, याची यादी.

जन्मदाखला नीट बघून आणा. नगरपालिकेच्या जुन्या दाखल्यांवर कितीतरी वेळा बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं असतं. गावाकडे कोणी असेल तर त्यांना आजच सांगून नाव घालून घ्या, त्याला वेळ लागतो.

आणि मुलालाही आणा.